ह्यांना न सांगता कायाकला जाऊ का?

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: वय ६६, नवी मुंबईत ऐरोलीला राहतात, पोस्टातून रिटायर होऊन आठ वर्षं झाली. मॉर्निंग वॉकच्या पाच जणींचा ग्रुप डिसेंबरात एका धरणाच्या बॅकवॉटरला एक रात्र राहायला जाणार आहे, तिथे सकाळी पक्षी बघायचे आणि नंतर कायाकिंग, म्हणजे छोट्या होडीत बसून स्वतः वल्हं मारायचं. ताईंनी पाचशे रुपये अॅडव्हान्स भरलाय. पोहता येत नाही, डावा गुडघा दुखतो, बीपीची एक गोळी चालू आहे. मिस्टर ७० वर्षांचे, चार वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय. त्यांनी एकदाच सांगितलं, "पाण्याशी मस्ती नको, हे वय आहे का," आणि विषय बंद. मुलगी म्हणते आई, बाबांना टेन्शन देऊ नकोस. ताईंनी घरी नुसतं "पिकनिक" असं सांगून ठेवलंय. त्या लिहितात, "आयुष्यभर सगळ्यांचं केलं, खाडीच्या काठावर चाळीस वर्षं राहिले पण पाण्यात कधी उतरले नाही. ह्यांचा चुलतभाऊ लहानपणी खाडीत गेला होता, पण त्याला आता पन्नास-पंचावन्न वर्षं झाली. लोक काय म्हणतील हेच ह्यांच्या मनात असणार. न सांगता जाऊन येऊ का? की ह्या वयात लांबून फ्लेमिंगो बघण्यातच समाधान मानू?"

ताई,

आधी सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर देते. जा. पण न सांगता नका जाऊ, आणि डिसेंबर यायच्या आत काही तयारी करून मग जा.

आता जरा सावकाश बोलू, कारण तुमच्या पत्रात एक ओळ आहे जी तुम्ही लिहून पटकन पुढे निघून गेलात आणि मी मात्र तिथेच थांबले. चुलतभाऊ खाडीत गेला. तुमचे मिस्टर तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे असतील ना? म्हणजे ज्या वयात दिवसभर बरोबर हुंदडणारा भाऊ संध्याकाळी घरी येत नाही आणि मोठी माणसं टेंभे, कंदील घेऊन काठाने हाका मारत फिरतात, ते सगळं पोराच्या डोळ्यादेखत घडतं पण त्याला कोणी जवळ घेऊन काही समजावून सांगत नाही, त्या वयात. तुमच्या ह्यांच्या घरी नेमकं काय झालं ते मला माहीत नाही, तुम्हीही लिहिलेलं नाही, पण पन्नास वर्षं झाली म्हणून ते जुनं झालं असं मला तरी वाटत नाही. तुम्ही धरून चाललायत की लोक काय म्हणतील ह्याची त्यांना काळजी आहे. मला वाटतं त्यांना लोकांचं काही पडलेलं नसावं, त्यांना पाण्याची भीती वाटत असावी, आणि ती स्वतःसाठी नाही, तुमच्यासाठी. "हे वय आहे का" हे त्यांनी वर लावलेलं झाकण असेल. आपल्याकडच्या सत्तरीच्या पुरुषाला "मला भीती वाटते" हे वाक्य म्हणता येत नाही हो, तो "नको" म्हणतो.

माझा अंदाज चुकीचा असू शकतो. तुम्ही चाळीस वर्षं संसार केलाय, मी एक पत्र वाचलंय. पण एकदा विचारून बघा, कायाकचा विषय न काढता, नुसतं, "तुमचा तो भाऊ, त्याचं नाव काय होतं?" एवढंच.

न सांगता जाण्याबद्दल माझा विरोध नीतिमत्तेचा नाहीये. अगदी व्यवहाराचं कारण आहे. पाण्यावर जाणाऱ्या माणसाचा एक साधा नियम असतो, काठावरच्या कोणालातरी माहीत पाहिजे की आपण कुठे गेलोय, कोणाबरोबर, आणि किती वाजता परत येणार. कोळी बांधवही घरी सांगूनच निघतात. घरी "पिकनिक" म्हणून सांगितलंय आणि उद्या नुसता पाय मुरगळला तरी फोन कोणाला करणार, काय सांगणार? शिवाय धाकधूक मनात ठेवून कायाकमध्ये बसलात तर अंग ताठ राहतं आणि ताठ अंगानेच माणूस पटकन तोल घालवतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

आता वयाचं. तुम्ही दोघंही "वय" हा शब्द एवढ्या वेळा वापरलाय की खरे प्रश्न त्याच्याखाली दबून गेलेत. कायाक तुमचा जन्मदाखला बघत नाही. गुडघा किती वाकतो, जमिनीवरून उठता येतं का, खांदा वर जातो का, पाण्यात तोंड बुडालं तर तुम्ही घाबरता का आणि त्या दिवशी वारा किती आहे, हे पाच प्रश्न आहेत आणि पाचहीची उत्तरं घरबसल्या किंवा जवळच्या तलावात मिळतात.

घरी करून बघा. सतरंजी टाका, भिंतीला पाठ अगदी हलकी टेकवून पाय समोर पसरून बसा, गुडघे किंचित वर, आणि वीस मिनिटं तशाच बसा, टीव्ही बघत बसलात तरी चालेल. कायाकमध्ये असंच बसायचं असतं. मांड्यांच्या मागच्या शिरा ओढल्या जातात का, कंबर भरून येते का, ते कळेल. मग कोणाचा हात न धरता एका कुशीवर वळून, गुडघ्यावर येऊन उठून दाखवा. नाही जमलं तर रोज थोडं थोडं करा, डिसेंबरपर्यंत वेळ आहे. आणि तरीही नाहीच जमलं तर कायाकचा हट्ट सोडा, त्याचंही मी पुढे सांगते, त्यात काही हरल्यासारखं नाहीये.

हे उठण्याचं एवढं का लावून धरलंय तर नवीन माणसं मधल्या पाण्यात फारशी पडत नाहीत, पडतात ती चढताना आणि उतरताना, काठावर, गुडघाभर पाण्यात. एक पाय आत टाकून उभं राहायचा प्रयत्न करतात आणि होडी पायाखालून सरकते. पद्धत अशी असते की कायाक गुडघाभर पाण्यात आणून कोणीतरी घट्ट धरायची, तुम्ही तिच्याकडे पाठ करून आधी बूड टेकवायचं, बाकड्यावर बसतो तसं, आणि मग दोन्ही पाय आत फिरवायचे. उतरताना उलटं, आधी दोन्ही पाय एका बाजूला पाण्यात, तळ लागला ह्याची खात्री, मग समोरच्याचे दोन्ही हात धरून उठायचं. तुमच्या डाव्या गुडघ्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. गुडघा बदललेला असेल अशा वाचकांनी आपल्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना हेच नेमकं वर्णन करून विचारावं, "कायाकिंग करू का" असं मोघम विचारलंत तर डॉक्टर बिचारे मोघमच सांगणार.

बसायची कायाक निवडताना "सिट ऑन टॉप" मागा, म्हणजे उघडी, जिच्या आत पाय कोंबायचे नसतात, वर बसायचं असतं. ती रुंद असते, उलटली तर तुम्ही आपोआप बाहेर पडता, अडकत नाही, आणि आत आलेलं पाणी तिच्या भोकांतून खाली निघून जातं. पहिल्या वेळी दोघांची घ्या, मागे शिकवणारा, पुढे तुम्ही. मागचा दिशा सांभाळतो, पुढच्याने फक्त एकसारखा ताल धरायचा. पाचही जणींनी ह्यावर अडून बसा. मैत्रीण मैत्रीण मिळून एका कायाकमध्ये बसायचा मोह होईल, फोटो छान येतात, पण दोघीही नवख्या असताना ते पहिल्या दिवशी नको.

वल्हं हाताने ओढायचं नसतं हे मला कळायला अख्खा एक तास गेला आणि दुसऱ्या दिवशी खांदे वर उचलता येईनात. जोर कमरेतून येतो. तुम्ही आईला किंवा आजीला जात्यावर दळताना बघितलं असेल, हात नुसता खुंटा धरून असतो आणि सगळं अंग कमरेतून पुढे-मागे झुलतं, तसंच काहीसं. फक्त इथे कंबर डावीकडे-उजवीकडे फिरते. फ्रोझन शोल्डर झालेलं असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पोहता येत नाही ह्याची तुम्हाला लाज वाटतेय असं पत्रातून जाणवलं. पोहणं यायलाच पाहिजे असं नाही, लाइफ जॅकेट त्यासाठीच असतं. पण पाण्यात तोंड गेल्यावर जीव कासावीस होऊ नये एवढी ओळख हवी. जवळचा महापालिकेचा किंवा क्लबचा तरणतलाव बघा, बऱ्याच ठिकाणी बायकांची वेगळी बॅच असते. तिथे पोहायला शिकायचंच असा घाट घालू नका, तीन गोष्टी शिका. तोंड बुडवून नाकातून बुडबुडे सोडणं, उताणं तरंगणं, आणि तरंगत असताना पाय खाली घेऊन परत उभं राहणं. एवढ्यावर भीती निम्मी होते. तिकडे पाण्यात नुसतं छातीभर चाललात तरी गुडघ्याला फायदाच आहे.

जॅकेटबद्दल माझा एक कडू अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी (नाव घेत नाही) आम्ही सहा जणी गेलो, पैसे भरले, आणि जॅकेटचा ढीग समोर टाकला. माझ्या जॅकेटचं मधलं बकल तुटलेलं. तो मुलगा म्हणाला, मावशी काही होत नाही, दोरीने बांधून देतो. मी नाही म्हटलं. दुसरं होतं ते एवढं ढगळ की खांद्याला धरून वर खेचलं तर कानापर्यंत आलं. मी काठावर बसून राहिले, सगळ्यांचा मूड गेला, दोघी माझ्यावर चिडल्या पण. आजही मला वाटतं की मी बरोबर केलं. तुम्हीही तेच बघा, सगळी बकलं लावून झाली की मैत्रिणीला सांगा खांद्यापाशी धरून जॅकेट वर ओढ, हनुवटीच्या वर गेलं तर ते तुमचं नाही. पैसे गेले तर जाऊ देत.

आणि पैसे भरण्याआधी, तुम्ही भरलेत पण उरलेले द्यायच्या आधी तरी, त्या कॅम्पवाल्याला फोन करून एकच प्रश्न विचारा: "आमच्यातली कोणी पाण्यात पडली तर तिला परत वर कसं घेता?" चांगला माणूस लगेच समजावून सांगेल, काठाजवळच नेतो, कमरेएवढ्या पाण्याच्या पट्ट्यात ठेवतो, मी बरोबर असतो, वगैरे. जो हसून "कोणी पडत नाही मॅडम" म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका. साठीनंतर खोल पाण्यातून कायाकवर परत चढणं खांद्यांना खरंच अवघड असतं, त्यामुळे जिथे उभं राहता येईल तिथेच पहिला दिवस काढायचा.

बॅकवॉटरला भरती-ओहोटी नसते ही मोठी सोय आहे, पण दुपारी वारा उठतो. तेव्हा सकाळीच, नऊ-साडेनऊच्या आत उरकायचं. कोणी कोलाडचा विचार करत असेल तर तिथे कुंडलिका नदीवर सकाळी वीजप्रकल्पातून पाणी सोडतात आणि त्यावर राफ्टिंग चालतं, ते वेगळं, आपल्याला त्याच परिसरातलं संथ पाणी हवं, बुकिंग करताना स्पष्ट विचारून घ्या. बाकी सोनं-नाणं घरी, साडी-ओढणी नको, लवकर वाळणारा कुर्ता-लेगिंग, मागून पट्टा असलेली सँडल (स्लीपर चिखलात राहून जाते), चष्म्याला दोरी, बीपीची गोळी नेहमीच्या वेळी घेतलेली, डायबिटीस असेल तर खिशात काहीतरी गोड. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाण्यात उतरू नये, दगडाचं, शिंपल्याचं साधं कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. तुम्ही किंवा तुमच्या ग्रुपमधली कोणी म्हणेल की एवढ्या लांब कशाला, आपली खाडी समोर आहे, इथेच कायाक घेऊन उतरू. नको. ऐरोली पूल ते वाशी पूल ह्यामधला पश्चिमेकडचा पट्टा म्हणजे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, २०१५ मध्ये जाहीर झालं, जवळजवळ १,६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून जास्त कांदळवन, आणि २०२२ पासून ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे. परवानगीशिवाय आत जाता येत नाही. समजा परवानगीचं बाजूला ठेवलं तरी ओहोटी लागली की पाणी बघता बघता निघून जातं आणि होडी चिखलात बसते, त्या चिखलात उतरलात तर मांडीपर्यंत पाय रुतेल आणि ओढून काढायला कोणी जवळ येऊ शकणार नाही. वर दोन्ही काठांची सांडपाणी आणि कारखान्यांची घाण. तुमच्या मिस्टरांची भीती ह्या खाडीपुरती शंभर टक्के बरोबर आहे.

आणि पक्ष्यांच्या बाजूनेही बघा ना. कायाकला आवाज नसतो म्हणून आपल्याला वाटतं ती पक्ष्यांना त्रास देत नाही. उलट ती न कळता फार जवळ जाते आणि मग थवा एकदम दचकतो. फ्लेमिंगो चिखलात मान खाली घालून, चोच उलटी धरून चरत असतात, तासन् तास, कारण ते खातात ते शेवाळ एवढं बारीक असतं की पोट भरायला तेवढा वेळ लागतोच. थव्यातल्या माना एकेक करून वर व्हायला लागल्या, चरणं थांबवून ते एका दिशेला चालायला लागले, की समजायचं आपण फार जवळ आलो. उडायची वेळ येऊच द्यायची नाही. त्यांच्या जेवणातून त्यांना उठवायचं आणि आपण फोटो काढायचा, हे मला अजिबात पटत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न, "लांबून बघण्यात समाधान मानू का," त्यात मला "समाधान मानू" हे शब्द खटकले. जणू जवळून बघणं म्हणजे खरं आणि लांबून म्हणजे उरलंसुरलं. मी तुम्हाला एक सकाळ सांगते. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनातून होडीने फिरवून आणतात, वल्हं त्याच मारतात, आपण नुसतं बसायचं. ओहोटी होती. आमच्या होडीवाल्या ताईंनी वल्हं उचलून धरलं, त्यावरून पाणी थेंब थेंब पडत होतं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, आता बोलू नका. पहिली दोन मिनिटं काहीच नाही, नुसता चिखल. मग आवाज यायला लागला, टिक, टिक, चिखलच बोलतोय असं वाटावं. मग दिसलं की चिखल हलतोय. निवटी, चिखलावर सरपटणारा मासा. बोटाएवढी, डोळे डोक्याच्या वर बेडकासारखे, पुढच्या दोन परांवर कोपर टेकल्यासारखी पुढे सरकत होती, थांबली, अंगाला ओलावा लावायला एका कुशीवर लोळली, परत सरळ झाली. तिच्या मागे एक एवढासा खेकडा, एकच नांगी अंगापेक्षा मोठी, ती वर-खाली वर-खाली करत मादीला बोलावत होता. तिवराच्या उभ्या मुळ्यांवर शंख चिकटलेले. खंड्या दोनदा येऊन बसला. माझ्या पुढे बसलेला तरुण मुलगा पाच मिनिटांत मोबाइल बघायला लागला, त्याला काही दिसतच नव्हतं. माझ्या शेजारी ७२ वर्षांच्या आजी होत्या, त्यांना सगळं माझ्याआधी दिसत होतं, त्या माझ्या मनगटाला हात लावून नुसती मान करून दाखवायच्या.

ताई, ज्याला घाई नाही त्यालाच हे दिसतं. तुम्ही तीस-पस्तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरमागे बसून लोकांचे चेहरे वाचलेत, तुमच्याकडे हे बघणं आहे. त्यासाठी कायाक लागतेच असं नाही, होडी चालेल, बाकडं चालेल. कायाक जमली तर उत्तमच, पण ती ह्या सगळ्यात एक पायरी आहे.

म्हणून माझा आग्रह असा की डिसेंबरच्या आधी, किंवा बॅकवॉटरहून आल्यावर जानेवारी ते एप्रिलमध्ये कधीतरी, तुम्ही तुमच्या घराच्या अगदी जवळच्या ऐरोलीच्या "किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात" जा. माहिती केंद्र आहे आणि फ्लेमिंगोच्या सीझनला तिथून वनविभागाच्या बोटी निघतात, जॅकेट देतात, बरोबर माहिती सांगणारा असतो. आधी बुकिंग करावं लागतं आणि वेळ घड्याळावर नाही, भरतीवर ठरते. लहान रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच) सगळ्यात जास्त, गुलाबी, आणि मोठे रोहित उंच आणि फिकट, दोन्ही दिसतात, शिवाय शेकाटे, चित्रबलाक, सुरय, कुरव, बगळ्यांचे चार प्रकार. कोणाला बोटीत चढायचंच नसेल त्यांनी भर भरतीच्या वेळेला नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर जावं, कारण भरतीत खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगो उडून त्या उथळ तळ्यांवर येऊन उभे राहतात, फोल्डिंग स्टूल टाकून काठावर बसलं की झालं. दुर्बीण आठ पटीची घ्या, म्हणजे ज्यावर ८×४२ किंवा ८×३२ लिहिलेलं असतं ती, दहा पटीची आपल्या हातात थरथरते आणि होडीत तर जास्तच. घेतल्यावर आठवडाभर खिडकीतून कावळे-कबुतरं बघून सराव करा, नाहीतर तिकडे गेल्यावर फोकस करेपर्यंत पक्षी उडालेला असतो.

तुमच्या मिस्टरांना ह्या बोटीवर बरोबर घ्या. ती मोठी असते, इंजिनाची असते, वल्हं मारायचं नाही, त्यामुळे स्टेंटचं फार टेन्शन नाही, तरी त्यांच्या डॉक्टरांना एक शब्द विचारा. आले नाहीत तर स्टूल घेऊन नेरूळला चला म्हणावं. तेही नाही म्हणाले तर जबरदस्ती नको, तुम्ही जाऊन या आणि आल्यावर काय दिसलं ते सांगा. मुलीलाही आजच सगळं खरं सांगा, कॅम्पचं नाव, नंबर, परत यायची वेळ. ती "टेन्शन देऊ नकोस" म्हणते कारण तिला मधे पडायला नकोय, तिच्या हातात माहिती दिलीत की ती तुमच्या बाजूने बोलेल असं मला वाटतं.

आता त्यांच्याशी कसं बोलायचं ते. तुम्ही लिहिलंय की त्यांचं मूळ गाव इथलंच, सिडको यायच्या आधीचं, आणि लहानपणी ते वडिलांबरोबर चिंबोऱ्या पकडायला जायचे. मग त्यांना तिथी आणि भरतीचा हिशोब माहीत असणार. खाडीकाठच्या जुन्या माणसांना तो तोंडपाठ असतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकराच्या पुढे, मग वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं, आणि खाडीत आत पाणी पोचायला अजून थोडा वेळ धरायचा. उधाण म्हणजे मोठी भरती कधी, भांग म्हणजे लहान भरती कधी, कुठे पाणी ओढ घेतं, कुठला चिखल फसवा, हे सगळं ह्या माणसाच्या डोक्यात साठ वर्षं पडून आहे आणि घरात कोणी त्यांना ते विचारलेलं नसावं. त्यांना पाणी कळतं, म्हणून तर ते घाबरतात. तुम्ही "मी जाणार" म्हणून समोर उभ्या राहिलात तर ते "नको" म्हणतील. "मला ह्यातलं काही कळत नाही, तुम्ही सांगा" म्हणून शेजारी बसलात तर काय होईल ते बघा. कदाचित त्या भावाचंही तेव्हाच निघेल. निघालं तर मधे बोलू नका, ऐकून घ्या.

बोटीचं बुकिंग करायच्या आधी तिथ्यांचं कॅलेंडर भिंतीवरून काढून त्यांच्यासमोर ठेवा, तुमच्या सोयीच्या तीन तारखा दाखवा, आणि विचारा की ह्यातल्या कुठल्या दिवशी भरती सकाळी येते. त्यांनी सांगितलेली वेळ नंतर टाइड टेबलशी ताडून बघा, आणि जुळली की त्यांना सांगा, जुळली म्हणून.